घरचे ओझेवाले

१

दोष काकांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्यात मोठ्या माणसाचा दोष सांगायची वेळ आली की सगळ्यांना एकदम खोकला येतो. त्यांचं वय बघ, त्यांनी तुला घरात ठेवून घेतलं ते बघ. बघितलं. यादी काकांनी लिहिली, चष्मा पुसून, स्वतःच्या सुंदर अक्षरात. खाली सही केली. तारीखसुद्धा टाकली.

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते वडिलांना अजून समजलेलं नाही आणि मी समजावून दमलोय. त्यांनी मला त्यांच्या थोरल्या भावाकडे पाठवलं. "शिस्त लागेल." काका इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्याकडची शिस्त म्हणजे काय, तर बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या सैनिकांना पँटी रंगवायच्या.

चेष्टा करत नाहीये. काका आणि त्यांचे मित्र, दातवाले डॉक्टर, दर रविवारी दुपारी तीन ते सहा टेबलावर लढाई खेळायचे. आठ फूट बाय पाच फुटांचं टेबल. एके काळी त्यावर जेवायचे म्हणे. मी आलो तेव्हा त्यावर डोंगर होते, आणि काकू आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवायचो.

त्या वर्षीची मोहीम आफ्रिकेतली. सव्वाशे वर्षांपूर्वी गोऱ्यांची एक फौज समुद्रकिनाऱ्यावरून निघते, आतल्या सरोवरापर्यंत जाते, वाटेतलं राज्य गिळते. असं खरोखर घडलं होतं की काकांनी चार ठिकाणचं जोडलं होतं, ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या देशात घुसायचं आणि तेही घरी पंख्याखाली बसून, एवढं मला कळलं. काकू म्हणायची, "उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, पण यांनी उंटही शिशाचा घेतला."

बारा रविवार, बारा टप्पे. काका गोऱ्यांकडून, डॉक्टर राजाकडून. याआधी काका डॉक्टरांशी अकरा मोहिमा खेळले होते. अकराही हरले होते.

२

फौज निवडायचा नियम सोपा. प्रत्येकाला पाचशे गुण. शिपायाला इतके, घोड्याला इतके, तोफेला इतके. बेरीज पाचशेच्या वर जाता कामा नये. निवड झाली की यादी लिहायची, दोघांनी सही करायची, आणि ती टेबलाच्या कडेला काचेखाली सरकवायची. मोहीम संपेपर्यंत तो कागद बाहेर निघत नाही. हा त्यांच्यातला एकमेव धर्म.

काकांनी तीन रविवार निवडीत घालवले. बंदूकवाले गोरे, पगारी स्थानिक शिपाई, डोंगरी तोफ. आणि चाळीस ओझेवाले, कारण त्या मुलखात बैलगाडी चालत नाही, जे काही आत न्यायचं ते माणसाच्या डोक्यावर. मी चाळीसही जणांना करडं अस्तर मारून ठेवलं होतं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेटी. तोंडं रंगवायची राहिली होती.

"इंजिनिअर," काका म्हणाले. मला ते याच नावाने हाक मारायचे, दर वेळी तेवढ्याच चवीने. "ओझेवाल्यांची तोंडं रंगवत बसू नकोस. त्यांना तोंडं कशाला?"

मग त्यांना मशीनगन आठवली. मशीनगन वीस गुणांची. ओझेवाले अर्ध्या अर्ध्या गुणाचे, चाळीस जण मिळून वीस. काकांनी एका रेघेत चाळीसही जण खोडले. मी त्यांना खोक्यात भरून माजघरातल्या कपाटावर ठेवलं.

डॉक्टर यादी वाचून हसले. "अरे लेका, मशीनगन घेतलीस, काडतुसांच्या पेट्या घेतल्यास, पाण्याची पिंपं, तंबू... आणि हे काय? आंघोळीचा टब?"

"सेनापतीचा. जुन्या मोहिमांत असायचा. अस्सल तपशील आहे तो."

"असेल. पण उचलणार कोण? वाहणारा नसेल तर मशीनगन किनाऱ्यावरच राहील. त्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल तुला."

"बिनगुणाचं काहीतरी लिही म्हणतोस?"

"वहिनींना लिही," डॉक्टर म्हणाले. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. "चाळीस वर्षं ओढतायत तुझा गाडा."

आम्हा चौघांपैकी दोघं हसले. काकांनी चष्मा पुसला आणि 'ओझेवाले' या शब्दापुढे लिहिलं: घरचे. गुण: शून्य.

मग त्यांनी एक पोटनियमही जोडला, कारण हरायची भीती जन्माची. दर टप्प्याला ओझेवाल्यांसाठी एक फासा टाकायचा. एक पडला तर एक ओझेवाला मेला. पण ओझं खाली पडत नाही. घरच्यांत जो सगळ्यांत जवळ असेल त्याच्या डोक्यावर जातं. डॉक्टरांनी खांदे उडवले आणि सही केली.

काकूने ट्रे कुठे ठेवू म्हणून विचारलं. टेबलावर जागा नव्हती. ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.

३

पहिली गोष्ट मला दिसली ती म्हणजे टॉवेल.

काकू दुपारी जेवणानंतर तासभर आतल्या खोलीत पडायची. दुसऱ्या टप्प्यानंतरच्या सोमवारी मी तिला उठवायला गेलो तर उशीशेजारी तिचा अंग पुसायचा टॉवेल. पीळ देऊन, गोल गुंडाळून, टोक आत खोचलेलं. चुंबळ. मी तशा चाळीस रंगवल्या होत्या. चुंबळ मला झोपेतही ओळखता आली असती.

"हे काय गं?"

तिने पाहिलं. "घडी विसकटली असेल."

घडी विसकटून चुंबळ होत नाही. पण मी टॉवेल झटकून दांडीवर टाकला. मंगळवारी परत. बुधवारी परत. तिच्या केसांना मधोमध एक चपटं वर्तुळ पडलं होतं, ओल्या मातीवर कळशी ठेवून उचलल्यावर पडतं तसं.

तिच्या तळव्यांना लाल भुगा होता. त्याचं मला नवल वाटलं नाही. टेबलावरची जमीन मीच केली होती, विटेचा भुगा चाळून. तो घरभर व्हायचा, कपबशीतसुद्धा सापडायचा. फक्त टाचांच्या भेगांत इतका खोल कसा जाईल, एवढंच मला कळेना.

आणि टेबलावर मशीनगन नदीच्या पलीकडे होती. रविवारी खेळ थांबला तेव्हा ती अलीकडे होती. मी स्वतः पाहिली होती. काकांनी मला विचारलं, मी डॉक्टरांवर ढकललं, काका "त्याला काय गरज?" म्हणाले आणि पुढच्या रविवारी तिथूनच खेळले. सोयीची चूक कोण दुरुस्त करतो?

४

घराची रचना सांगायला हवी. तिसरा मजला. पुढे टेबलाची खोली, मागे स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, मध्ये लांब अरुंद माजघर. टेबलाची खोली आणि माजघर यांच्यामध्ये धुरकट काचेचं दार. पलीकडचं माणूस दिसतं, चेहरा दिसत नाही.

चौथ्या टप्प्याच्या आठवड्यात एका दुपारी मी टेबलाशी बसून राजाच्या भालेवाल्यांच्या ढाली रंगवत होतो. काका वाचनालयात. काकू आत पडलेली. काचेचं दार लोटलेलं.

पलीकडून पावलं आली. अनवाणी, जड, एकामागून एक. टाच टेकायची आणि मग पाऊल घासत यायचं. मला वाटलं काकू. पण ती पावलं दारापर्यंत येऊन संपली नाहीत. दुसरी आली. मग तिसरी. मध्येच कुणीतरी श्वास सोडला, नाकातून, ओझं जड असलं की सोडतात तसा. आणि लांब कुठेतरी पत्र्यात पाणी हिंदकळलं.

वरच्या मजल्यावर काम चालू असेल, मी म्हटलं. पंपात हवा भरली असेल. जुन्या इमारतीत आवाज भिंतींतून येतात, हे मी तीन वर्षांत शिकलोच होतो. तेवढाच काय तो शिक्षणाचा उपयोग. ब्रश हातात तसाच. रंग वाळला.

वीस मिनिटं चाललं ते. मग काकूच्या पलंगाची स्प्रिंग वाजली आणि सगळं थांबलं.

मी आत गेलो. काकू उठून बसली होती, घामाने डबडबलेली. "काय झालं रे? तोंड का असं?" मला विचारते.

"तू कुठे गेली होतीस?"

"जाते कुठे मी? झोपले होते." मग पदराने मान पुसत म्हणाली, "झोपून उठल्यावर माणसाला बरं वाटायला हवं ना रे?"

५

मी काकांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे मान्य करतो. मग म्हणाले, "परीक्षेला बसायचं नसलं की मुलांना पोटदुखी होते. तुझ्या बाबतीत आता भुतंपण होतायत."

डॉक्टरांना काकूची मान दाखवली. त्यांनी दोन बोटांनी चाचपली. "कॅल्शियम. या वयात होतं, वहिनी." दाताचा डॉक्टर मानेवर बोलला आणि सगळ्यांचं समाधान झालं.

सातव्या रविवारी काकांची फौज सरोवरापासून पाच टप्प्यांवर होती. मोहिमेत कधी नव्हे ते ते पुढे होते. गालांवर लाली. डॉक्टर पहिल्यांदाच विचार करून खेळत होते. टप्प्याच्या शेवटी काकांनी ओझेवाल्यांचा फासा उचलला, मुठीत खुळखुळवला, टाकला.

एक.

"गेला एक," डॉक्टर म्हणाले.

स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज झाला.

काकू जमिनीवर होती. शुद्ध होती. डोळे उघडे, छताकडे. उजवा हात अंगाखाली तसाच अडकलेला आणि तिला तो जाणवत नव्हता. मी तिला उचलून बसवलं. ती माझ्या कानाशी एकच वाक्य बोलली, आणि ते मी कधी विसरणार नाही. "सुटले रे बाबा."

मी वळून पाहिलं. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मागे टेबलाकडे, मग परत बायकोकडे. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगतो, त्या क्षणी त्या माणसाला सगळं कळलं होतं.

मग ते म्हणाले, "उन्हाचं होतं असं. साखरपाणी दे."

आणि टेबलापाशी परत जाऊन त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "ओझं जवळच्याकडे जातं. चाल तुझी."

रिकामे कप ठेवायला निघालेला मी, भांडी पडली तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी होतो. सगळ्यांत जवळ.

६

त्यानंतर मला दुपारी झोप यायला लागली. मला दिवसा झोपायची सवय नाही. जेवण झालं की डोळ्यांवर वाळूचं पोतं पडायचं, आणि उठायचो तेव्हा पाच वाजलेले. स्वप्न काही नाही. फक्त उशीशेजारी माझा शर्ट, पीळ दिलेला, गोल. मानेत सळई घातल्यासारखी कळ. नखांत लाल माती, आणि ती विटेची नव्हती. विटेच्या भुग्याला वास नसतो. हिला पाऊस न पडलेल्या लांबच्या जमिनीचा वास होता.

एकदा झोप अर्धवट मोडली. मी उभा होतो. डोळे उघडता येईनात. डोक्यावर इतकं वजन की दात एकमेकांत रुतलेले. माझ्यासमोर कुणीतरी चालत होतं आणि मागेही कुणीतरी, आणि आम्ही सगळे एकाच तालात श्वास घेत होतो. मला त्यातलं सगळ्यांत भयंकर काय वाटलं असेल तर हे: ताल मला येत होता.

दहाव्या टप्प्यानंतरच्या सोमवारी मी काचेखालचा कागद ओढायला गेलो. काकांचा पंजा काचेवर आला.

"हात काढ."

"तो शब्द खोडा, काका. नुसता तो एक शब्द."

"यादी एकदा दिली की दिली."

"काकूचा हात गेलाय! डॉक्टरच्या मुलाने तपासलं, तो दातांचा नाही, खरा डॉक्टर आहे, शीर दबली म्हणाला. परत येईल का सांगता येत नाही म्हणाला."

"आणि मी यादी बदलली की येईल?" ते हसले. "दोन टप्पे राहिलेत, इंजिनिअर. दोन. तुला काही पूर्ण करायची सवय नाही, म्हणून दुसऱ्यालाही करू द्यायचं नाही."

ते मला लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी काकूला घेऊन माझ्या मावशीकडे जातो. तुम्हीपण चला."

"मी? मी कशाला?"

"तुम्हीही घरचेच आहात, काका."

"मी सेनापती आहे," ते म्हणाले, आणि भिंग घेऊन नकाशावर वाकले.

इथे एक गोष्ट लिहितो आणि परत त्यावर बोलणार नाही. मी त्यांना आणखी एकदा सांगू शकलो असतो. हात धरून ओढू शकलो असतो. मी काकूची पिशवी भरली, तिच्या चपला तिच्या पायांत घातल्या, आणि दार ओढून घेतलं.

त्याच संध्याकाळी मावशीकडे माझी मान मोकळी झाली. फुलासारखी. मी दोन ताटं भरून जेवलो. ओझं खाली पडत नाही हा नियम मला पाठ होता, तरी मी जेवलो.

७

दोन आठवडे आम्ही तिथे राहिलो. काकांचा फोन आला नाही. काकूने डाव्या हाताने दोनदा लावला. उचलला गेला, पण पलीकडून नुसता श्वास. नाकातून.

"जाऊन बघ रे," ती म्हणाली. "आणि माझे डोळ्यांचे थेंब राहिलेत माजघरातल्या कपाटात, तेवढे आण." थेंब काही मिळेनासे झाले नव्हते. पण त्या बाईला नवऱ्याची काळजी करायला अजूनही काहीतरी निमित्त लागत होतं.

बाराव्या रविवारी दुपारी अडीचला मी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. डॉक्टर तीनला यायचे.

टेबलाची खोली रिकामी. पंखा चालू. फासा जमिनीवर पडलेला, एक वर. तो कुणी टाकला, कधी टाकला, मला माहीत नाही. टेबलावर गोऱ्यांची फौज सरोवराच्या काठापासून वीतभर दूर होती.

काचेच्या दाराशी चाळीस ओझेवाल्यांचं खोकं होतं. मी कपाटावर ठेवलेलं. उघडं. आत कुणी नव्हतं. तळाशी कापूस, आणि कापसात चाळीस गोल खळगे.

मी दाराच्या मुठीला हात लावला आणि पावलं आली.

काचेपलीकडे माजघरात डोकी जात होती. माझ्या उंचीची, डावीकडून उजवीकडे. डोकं, चुंबळ, पेटी. डोकं, चुंबळ, पेटी. डोकं, चुंबळ, पिंप. पिंपात पाणी हललं. माजघर बारा फुटांचं आहे. उजवीकडे भिंत आहे. ते भिंतीपाशी थांबत नव्हते.

एकाने जाता जाता काचेकडे मान वळवली. काच धुरकट आहे, चेहरे तसेही दिसत नाहीत, हे मी स्वतःला सांगितलं. पण धुरकट काचेतून न दिसणारं तोंड वेगळं आणि नसलेलं तोंड वेगळं. करडं, गुळगुळीत, नाकाचा नुसता उंचवटा. ते अस्तर माझ्या हातचं होतं.

तो माझी वाट बघत थांबला नाही. त्याला तेवढी उसंत नव्हती.

शेवटी एक जण मागे पडलेला आला. बुटका, पांढऱ्या बनियनमध्ये, पाय फाकून. डोक्यावर काहीतरी मोठं, बाकदार, पालथ्या होडीसारखं. टब. तो काचेसमोर आला आणि थांबला. टबाखालून आवाज आला, अगदी बारीक, मी कधी न ऐकलेल्या सुरात.

"इंजिनिअर... जरा हात लाव रे."

मूठ माझ्या हातात होती. दाराला कडी नव्हती.

मी दार उघडलं नाही.

बनियन हळूहळू उजवीकडे सरकलं. पावलं संपली. मग कितीतरी वेळ पंख्याचाच आवाज.

८

दार उघडलं तेव्हा काका माजघराच्या मधोमध उभे होते. एकटे. डोक्यावर पंच्याची चुंबळ, दुसरं काही नाही. मान खाली वाकून हनुवटी छातीला टेकलेली. तळव्यांतून रक्त येत होतं आणि ते लाल मातीत कालवलं होतं. मी हाक मारली तर त्यांनी नाकातून श्वास सोडला.

डॉक्टर तीनला आले. आधी त्यांची नजर टेबलाकडे गेली, काकांकडे नाही. मीही तेव्हाच पाहिलं. मशीनगन, पेट्या, पिंपं, तंबू, सगळं सरोवराच्या काठावर ओळीने उतरवून ठेवलेलं, आणि टोकाला टब.

"जिंकलास की लेका!" डॉक्टर म्हणाले. मग आत आले आणि त्यांच्या हातातली पिशवी पडली.

खोकं मी घरी नेलं नाही. त्या चाळीस जणांपैकी एकही कुठे सापडला नाही. कागद काचेखालून काढला, तो माझ्याकडे आहे. 'घरचे' या शब्दावर कुणीतरी कागद फाटेल इतक्या जोराने, वेड्यावाकड्या हाताने रेघ मारायचा प्रयत्न केला होता. ती काचेच्या वरून मारली होती. काचेवर नखांचे ओरखडे आहेत, कागद जसाच्या तसा आहे.

इस्पितळात हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यावर लावला आणि विचारलं, "किती वर्षं हमाली करत होते?"

"प्राध्यापक होते," मी म्हटलं.

त्यांनी फोटोवरचं नाव परत तपासलं. मानेचे मणके एकात एक दाबून बसले होते. मान उचलायला गेलं तर जीव जाईल, म्हणाल्या.

काकू महिन्याने भेटायला गेली. उजवा हात गळ्यात बांधलेला. ती त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. मग काका म्हणाले, "चपला नव्या घेतल्यास?"

ती परत त्या घरी राहायला गेली नाही.

काकांची मान तेव्हापासून वर झालेली नाही. त्या रविवारनंतर त्यांनी कुणाचंही तोंड पाहिलेलं नाही.